जीपचा पुढचा आणि मागचा क्राउन जुळतोय का? लिव्हर टाकण्याआधी मोजा

दापोली तालुक्यात जुन्या जीपला अजूनही भरपूर काम आहे. बागेतून आंब्याच्या पेट्या वर रस्त्यापर्यंत आणायच्या, चिरेखाणीवर डिझेलचा पिंप पोचवायचा, पावसात रुतलेला टेम्पो ओढून काढायचा, तर फोर बाय फोर लागतंच. पण यातल्या बऱ्याच गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा राहिलेल्या नाहीत. कुणी टू-व्हील गाडी घेऊन तिला पुढचा एक्सल कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून आणून बसवलेला असतो, तर कुणाचं मागचं हाउसिंग फुटल्यावर मेस्त्रीने हाती लागलं ते चढवलेलं असतं. मागच्या चाकांवर अशी गाडी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. जूनमध्ये पहिला चिखल लागतो, फोर-व्हीलचा लिव्हर पडतो आणि महिन्याभरात क्रॉस तुटतात, ट्रान्सफर केस ओरडायला लागते. दोष चिखलाला दिला जातो. खरा दोष बऱ्याचदा दोन क्राउनच्या दातांत असतो.

म्हणून हा लेख. गाडी तुम्ही स्वतः जुळवलेली असो वा सेकंडहँड घेतलेली, फोर-व्हील टाकण्याआधी दोन्ही एक्सलचं प्रमाण आपल्या हाताने मोजा. ‘दोन्ही सेम आहेत, मीच बसवलेत’ ही तोंडी खात्री इथे पुरत नाही. खडू, जॅक, दोन घोड्या, मदतीला एक माणूस आणि अर्धा-पाऊण तास एवढ्यात हे काम होतं.

प्रमाण म्हणजे काय, ते आधी. जॉइंट शाफ्टच्या टोकाला पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राउनला फिरवतो. क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की प्रमाण मिळतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ३९ दातांचा क्राउन आणि ८ दातांचा पिनियन होता, म्हणजे ४.८८. युद्धानंतरच्या नागरी जीपला, ज्यातली सीजे-३बी महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली, ४३ आणि ८ दात, म्हणजे ५.३८. आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि पळ कमी. दोन्ही प्रमाणांचे एक्सल बाहेरून भावाभावांसारखे दिसतात. घोटाळा तिथेच होतो.

आता हिशेब बघा. आपल्या जीप, जुनी थार, कॅम्पर, जिप्सी या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा जॉइंट शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, दोघांचे फेरे सारखे. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांत पुढची चाकं ४३ भागिले ३९, म्हणजे सव्वादहा टक्के जास्त फिरू बघतात. मागची चाकं एक किलोमीटर चालली तर पुढच्या चाकांना १,१०२ मीटर जायचं असतं. एका वाशाची दोन टोकं खांद्यावर घेतलेल्या दोघांपैकी पुढच्याने लांब ढांगा टाकाव्यात, तसा हा प्रकार. जास्तीचे १०२ मीटर कुठेतरी जिरायला हवेत. मऊ चिखलात किंवा वाळूत चाकं घसरून ते जिरवतात, म्हणून तिथे काही कळत नाही. डांबरावर आणि जांभ्याच्या कातळावर चाक सहज घसरत नाही. मग पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, हाफ एक्सलमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या गिअरमध्ये भरत जातो. दापोलीच्या पठारावरून खाली किनाऱ्याकडे उतरणारी कुठलीही वाट घ्या, शंभर पावलं चिखल आणि मग लगेच कातळ किंवा डांबर. ड्रायव्हर दर वळणाला लिव्हर काढत-टाकत बसत नाही. पीळ भरायला आपल्याकडचा रस्ता फार सोयीचा आहे.

लक्षणं ओळखताना एक गल्लत होते. दोन्ही प्रमाणं तंतोतंत जुळलेल्या गाडीतही डांबरावर फोर-व्हील टाकून वळलात तर स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, लिव्हर अडकतो. वळणात पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर चालतात, त्याचा तो परिणाम. ते प्रमाण न जुळल्याचं लक्षण नव्हे, तर डांबरावर फोर-व्हील टाकू नये याची खूण आहे. सरळ, सपाट, कठीण रस्त्यावर हळू जातानाही पीळ भरत असेल, शे-दोनशे मीटरमध्ये लिव्हर निघेनासा होत असेल आणि गाडी थोडी मागे घेतल्यावरच सुटत असेल, तर मात्र संशय पक्का समजा. पण निव्वळ ही चाचणी घेण्यासाठी गाडी दामटू नका. एका फेरीतही क्रॉस जाऊ शकतो. खडूची मोजणी त्याहून स्वस्त आणि अचूक आहे.

आधी टायर

एक्सलकडे जाण्यापूर्वी टायर बघा. एकाच मापाचे चार टायर नसतील तर पुढचं सगळं गणित व्यर्थ. २१५/७५ आर १५ चा टायर सुमारे ७०४ मिलिमीटर उंच, २३५/७० आर १६ चा सुमारे ७३५. पुढे एक आणि मागे दुसरा घातलात तर साडेचार टक्क्यांचा फरक तिथेच पडला. टायरची झीजसुद्धा हिशेबात धरा. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आणि जुन्याची २ उरलेली असेल, तर त्रिज्येत ६ मिलिमीटरचा, म्हणजे दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो. म्हणून ‘यंदा मागचे दोन नवे, पुढच्या वर्षी पुढचे’ हा हिशेब फोर बाय फोरला परवडत नाही. चारही एकदम घ्या आणि पुढचे-मागचे वेळेवर अदलाबदल करत राहा.

मोजायची रीत सोपी आहे. चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा भरा, गाडी सपाट जागी आणा, एका चाकावर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूने खूण करा. गाडी टू-व्हीलमध्येच सरळ ढकलत चाकाचे १० फेरे मोजा, पुन्हा जमिनीवर खूण करा आणि टेपने अंतर घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या अंतरात टक्क्याच्या आत फरक असेल तर पुढे जा.

खडूची मोजणी

आता मुख्य काम. जागा सपाट आणि कठीण हवी. इंजिन बंद, चावी खिशात. गिअर न्यूट्रल. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी जाडजूड लाकडी ठोकळे लावा, कारण या कामात हँडब्रेक सोडावा लागतो आणि गाडी धरून ठेवायला ठोकळ्यांशिवाय काही उरत नाही. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवरच असतो. तो ओढलेला राहिला तर काहीच फिरणार नाही.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. गाडी चिऱ्यांच्या थप्पीवर ठेवू नका. अंगणात चिरा पडलेला असतोच आणि हात आपसूक तिकडे जातो. पण जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ. एका बिंदूवर भार आला की तो आवाज न करता फुटतो. लोखंडी घोडीच वापरा आणि ती एक्सलच्या नळीखाली लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

पहिली चाचणी जुळणीची. डाव्या बाजूची दोन्ही चाकं, पुढचं आणि मागचं, उचलून घोड्यांवर ठेवा. उजवी दोन्ही जमिनीवर, ठोकळे लावून. पुढच्या चाकांना लॉकिंग हब असतील तर दोन्ही लॉक करा. हब मोकळे राहिले तर मोजणी चुकेल. ट्रान्सफर केस फोर-व्हील हायमध्ये टाका. उचललेल्या दोन्ही चाकांवर वरच्या बाजूला खडूची ठळक रेघ ओढा. आता मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने थोडं फिरवा. सगळ्या गिअरमधला प्ले निघून पुढचं चाकही फिरू लागलं की थांबा, रेघा नव्याने ओढा आणि इथून मोजायला सुरुवात करा. मागचं चाक त्याच दिशेने सावकाश २० फेरे फिरवा. मध्ये उलटं फिरवलंत तर प्ले परत येतो आणि मोजणी बिघडते. मदतनीस पुढच्या चाकाचे फेरे मोजेल. जमिनीवरचं चाक तसूभर हललं तरी मोजणी बाद, पुन्हा सुरुवात करा.

पुढचं चाकही २० फिरलं आणि रेघ जवळपास वरच आली, तर प्रमाणं जुळली. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असेल तर पुढचं चाक २२ फेरे घेईल. उलट असेल तर १८ हून थोडे जास्त. हे डोळ्यांना इतकं स्पष्ट दिसतं की वादाला जागाच राहत नाही. गॅरेजमध्ये दोन मेस्त्रींचं दोन वेगळी मतं घेऊन भांडण चाललं असेल, तर ते मिटवायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

रेघ थोडीशी सरकली तर घाबरू नका. दात पूर्ण आकड्यांत असतात, त्यामुळे दोन वेगळ्या बनावटीच्या एक्सलचं प्रमाण अगदी सारखं येईलच असं नाही. ४५ भागिले ११ म्हणजे ४.०९ आणि ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. अमेरिकन ट्रकमध्ये अशी जोडी कारखान्यातूनच आलेली आढळते. फरक पाव टक्क्याहून कमी, टायरच्या झिजेपेक्षाही लहान. एका टक्क्याच्या आतला फरक चिखलापुरत्या फोर-व्हीलला चालतो. त्यापुढे नाही. ‘दोन-तीन टक्क्यांनी काय होतंय’ असं म्हणणाऱ्याला क्रॉसचा सेट डिकीत ठेवूनच फिरावं लागेल.

दुसरी चाचणी, नेमकं प्रमाण किती हे काढायची. जुळणी नसेल तर कोणता एक्सल बदलायचा, हे यावरून ठरतं. आता एकाच एक्सलचं एक चाक उचला, त्याच एक्सलचं दुसरं चाक जमिनीवर ठोकळ्यात. ट्रान्सफर केस टू-व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल. उचललेल्या चाकावर आणि जॉइंट शाफ्टवर खूण करा. एक चाक अडवलेलं असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा. म्हणजे चाक २० वेळा फिरवलं की क्राउन १० वेळा फिरला. तेवढ्यात शाफ्टचे ५३ आणि पाऊण फेरे झाले तर प्रमाण ५.३८, ४८ आणि पाऊण झाले तर ४.८८, ४१ झाले तर ४.१०, सव्वासदतीस झाले तर ३.७३. पुढच्या एक्सलला हेच, फक्त हब लॉक हवेत. मदतनिसाने गाडीखाली न शिरता बाजूला बसून शाफ्ट बघावा. मागे लॉकिंग डिफरन्शियल असलेल्या गाडीत ही रीत चालत नाही. तिथे दोन्ही चाकं उचलून एकत्र फिरवायची आणि चाकांचा एक फेरा म्हणजे क्राउनचा एक फेरा धरायचा.

तरी शंका उरली तर हाउसिंगचं झाकण उघडा. ऑईल काढून घ्या, क्राउनच्या कडेला दातांचे आकडे कोरलेले असतात ते पुसून वाचा, आणि आकडे पुसट झाले असतील तर एका दातावर खूण करून सगळे दात मोजा. ऑईलमध्ये लोखंडाची चमक दिसली तर बेअरिंगही तपासून घ्या, हाउसिंग उघडलंच आहे.

जुळत नसेल तर

सर्वांत आधी पुढचा जॉइंट शाफ्ट सोडवून बाजूला ठेवा. नुसते हब मोकळे करून भागत नाही. गाडी घरात चार जण चालवतात, कुणीतरी हब लॉक करून लिव्हर टाकेलच. शाफ्ट काढल्यावर लो गिअरमध्ये जड ओढकाम मात्र करू नका. दोन एक्सलवर वाटला जाणारा सगळा जोर एकट्या मागच्या हाफ एक्सलवर येतो.

मग कोणता एक्सल बदलायचा? गाडीच्या कामाला योग्य असलेला ठेवा आणि दुसरा त्याच्याशी जुळवा. घाटाची चढण, भरलेली ट्रॉली आणि कमी ताकदीचं डिझेल इंजिन असेल तर मोठं प्रमाण ठेवा. खेड किंवा महामार्गापर्यंत रोजची धाव असेल आणि इंजिन नवं, ताकदीचं असेल तर लहान. दोन्ही कामाचे असतील तर मी मागचा कायम ठेवून पुढचा बदलायला सांगेन, कारण मागचा वर्षाचे बाराही महिने झिजतो आणि त्याची अवस्था तुम्हाला माहीत असते. पुढचा खोलायचा म्हणजे हब, नकल आणि आतल्या शाफ्टपर्यंत जावं लागतं हे खरं. म्हणूनच नुसता क्राउन-पिनियन बदलण्यापेक्षा त्याच प्रमाणाचा अख्खा पुढचा एक्सल मिळत असेल तर तोच घ्यावा. पण विकत घेताना बाजारातच, दुकानासमोर, चाक आणि पिनियनचा फ्लँज फिरवून प्रमाण मोजायचं. दापोलीत आणून मोजण्यात अर्थ नाही. जुन्या बाजारातला माल परत जात नाही.

सेटच बदलायचा असेल तर तीन गोष्टी धरून बसा. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा एकच नंबर असतो. एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन बसवला तर आवाज करेल आणि लवकरच दात सोडेल. दुसरं, काही एक्सलमध्ये प्रमाण बदललं की क्राउन ज्यावर बसतो तो डिफरन्शियलचा केससुद्धा वेगळा लागतो. पार्ट घेण्याआधी ते विचारा. आणि तिसरं म्हणजे पुढचा आणि मागचा क्राउन आकाराने वेगळा असला तर बिघडत नाही. पुष्कळ जीपमध्ये पुढचा एक्सल मागच्यापेक्षा लहानच असतो. भागाकार जुळला पाहिजे, मापं नव्हे.

बसवणं हे घरचं काम नाही. पिनियनची खोली शिमने ठरवावी लागते, बेअरिंगचा ताण बघावा लागतो, क्राउनचा प्ले डायल गेजने मोजावा लागतो. या एक्सलना साधारण पाच ते दहा थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) इतका प्ले ठेवतात, तरी नेमका आकडा त्या एक्सलच्या मॅन्युअलमधलाच धरायचा. दातांना रंग लावून क्राउन फिरवला की ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, टोकाला किंवा मुळाशी नव्हे. डायल गेज आणि रंग न वापरता ‘हाताला बरोबर लागतंय’ म्हणणाऱ्याला हे काम देऊ नका. मेस्त्री कितीही हुशार असो, अंगठ्याला थाउ कळत नाहीत. बसवून झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर भार न टाकता चालवा, मध्ये थांबून हाउसिंगला हात लावून बघा आणि नंतर ऑईल बदला. हात ठेववत नसेल इतकं तापत असेल तर परत गॅरेज.

नवीन जुळणीनंतर खडूची २० फेऱ्यांची चाचणी पुन्हा घ्या, मेस्त्रीच्या समोरच. आणि प्रत्यक्ष चालवून बघायचं असेल तर बागेतल्या किंवा कापणी झालेल्या खाचरातल्या मऊ जमिनीवर बघा. समुद्रकिनारा त्यासाठी नाही. आंजर्ले, केळशीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली घरटं आलं तर वरून काही कळतही नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी इथला नियम आपल्या ट्रॅक्टरला लावू नये. फोर-व्हील ट्रॅक्टरची पुढची चाकं लहान, त्यामुळे पुढचं-मागचं प्रमाण मुळातच वेगळं असतं. शिवाय पुढची चाकं किंचित, साधारण एक ते पाच टक्के, जास्त पळतील असंच ते बांधलेलं असतं. तिथे प्रमाण जुळवायचं नसतं, तर कंपनीने पुस्तकात दिलेली टायरची जोडीच कायम ठेवायची असते. पुढे मिळाला तो टायर घातला की तो हिशेब मोडतो.

कागदाचंही बघा. टू-व्हील म्हणून नोंदलेल्या गाडीला पुढचा एक्सल चढवणं म्हणजे मूळ बांधणीत बदल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. तेव्हा एमएच-०८ ची अशी गाडी घेताना आरसी बुकात काय लिहिलंय ते आधी वाचा. मूळच्या फोर बाय फोर गाडीत कंपनीच्या प्रमाणाचाच सेट परत बसवणं ही निव्वळ दुरुस्ती आहे.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. मोजणी पूर्ण झाली की दोन्ही हाउसिंगवर पांढऱ्या ऑईलपेंटने दातांचे आकडे लिहा, ४३/८ किंवा जे असतील ते, आणि खाली तारीख. हेच आकडे टायरच्या मापासह आरसीच्या प्लास्टिक पाकिटात एका चिठ्ठीवर ठेवा. गाडी विकाल तेव्हा ती चिठ्ठी घेणाऱ्याच्या हातात द्या.